बंब किती मिनिटांत पोचतो?

एखाद्या सरकारी निर्णयावर ‘आकडेवारीवर आधारित’ असा शिक्का बसला की आपण गप्प होतो. गणिताशी कोण भांडणार? म्हणून न्यूयॉर्कची ही जुनी गोष्ट सांगतो.

ऑपरेशन्स रिसर्च ही विद्या दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आली. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने ब्रिटिश नौदलाला हिशोब मांडून दाखवलं की मालवाहू जहाजांचे ताफे मोठे ठेवले तर पाणबुड्यांच्या तोंडी प्रमाणाने कमी जहाजं जातात. ताफा दुप्पट केला तरी त्याचा घेर दुप्पट होत नाही, आणि राखायचा असतो तो घेर. युद्ध संपल्यावर ही विद्या कारखान्यांत गेली, मग सरकारी कचेऱ्यांत.

१९६९ साली, महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात, न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट सुरू झाली. रँड म्हणजे अमेरिकी हवाई दलासाठी अणुयुद्धाचे हिशोब करणारी संस्था. शहरात आगी वाढत होत्या आणि तिजोरी आटत होती. सुरुवातीचं त्यांचं काम चांगलंच होतं, हे सांगायला हवं. पाण्यात एक पॉलिमर मिसळला की पाइपातलं घर्षण घटतं, आणि बारीक, हलक्या पाइपातूनही जाड पाइपाइतकं पाणी जातं. चार मजले पाइप ओढत चढणाऱ्या जवानाला विचारा, याची किंमत काय ते!

मग प्रश्न आला, पैसे वाचवायला बंद काय करायचं? त्यासाठी सेवा मोजायला हवी. किती जीव वाचले, किती घरं वाचली हे मोजणं अवघड. त्यांनी सोपं माप घेतलं, बंब पोचायला लागणारा वेळ. जवानांच्या हाती स्टॉपवॉच दिली. अंतराचा नियम वर्गमुळाचा निघाला. भागातली केंद्रं चौपट केली तर सरासरी अंतर निम्मं होतं. हाच नियम उलटा वाचा. वीस केंद्रांतलं एक काढलं तर अंतर तीन टक्केही वाढत नाही, तेवढ्याच भागातल्या चारांतलं एक काढलं तर पंधरा टक्क्यांवर वाढतं. म्हणजे कात्री लावायची ती केंद्रं दाट आहेत तिथे.

केंद्रं दाट होती साउथ ब्रॉन्क्ससारख्या गरीब, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांत. का? कारण आगी तिथेच सर्वांत जास्त लागायच्या! १९७२पासून तिथल्या तुकड्या बंद झाल्या किंवा हलवल्या गेल्या. रॉड्रिक आणि डेबोरा वॉलेस या दांपत्याने पुढे या मॉडेलांची चिरफाड केली. जो फ्लड यांनीही यावर पुस्तक लिहिलंय. केंद्राची जागा ठरवताना बंब केंद्रात तयार उभा आहे असं धरलेलं होतं. ब्रॉन्क्समधला बंब केंद्रात कधी असायचा? एक आग विझवून परतेपर्यंत दुसरीचा निरोप. ट्रॅफिकचाही फारसा फरक पडत नाही असं धरलं होतं, तेही न्यूयॉर्कमध्ये.

सगळा दोष वर्गमुळावर टाकणं चूक ठरेल. विम्यासाठी इमारत पेटवणारे मालक होते, या वस्त्यांना कर्ज नाकारणाऱ्या बँका होत्या, ओस पडलेली घरं होती. पण आग लागल्यावर ती एका खोलीत थांबते की शेजारच्या इमारतीत जाते, हे बंबावरच ठरतं. १९७० ते १९८० या काळात ब्रॉन्क्समधल्या सात जनगणना विभागांतल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओस पडून गेल्या. ४४ विभागांत निम्म्याहून जास्त.

आणि मॉडेलचं म्हणणं सगळीकडे सारखं पाळलं गेलं असंही नाही. वजनदार लोकांच्या वस्तीतलं केंद्र यादीत आलं की ते वगळलं जायचं, असं फ्लड सांगतात.

वजन नसलेल्या एका वस्तीने मात्र वेगळंच केलं. नोव्हेंबर १९७५मध्ये ब्रुकलिनच्या नॉर्थसाइडमधलं ‘एंजिन २१२’ बंद करायचा हुकूम आला. तिथल्या कामगारवस्तीतल्या लोकांनी आत शिरून केंद्रच ताब्यात घेतलं. बंब बाहेर जाऊ दिला नाही. वर्षाहून अधिक काळ ते तिथेच ठाण मांडून राहिले आणि शेवटी शहराला केंद्र परत सुरू करावं लागलं. २००३ साली दुसऱ्या एका महापौरांच्या काटकसरीत ते पुन्हा, आणि कायमचं, बंद झालं.