हॉर्न ओके प्लीज : नाशिक आणि अवजड वाहनांचा रस्ता

१/ नाशिकच्या मध्यवस्तीत ‘जुना आग्रा रोड’ आहे. आज तिथे दुकाने आणि रिक्षांची दाटी असते. इतिहास उरला आहे तो नावात. कसारा घाट चढून उत्तरेकडे निघालेला मुंबई-आग्रा मार्ग एकेकाळी गावातूनच जात असे.

२/ पुढे महामार्ग गावाबाहेरून, द्वारकेवरून नेण्यात आला. ट्रक दूर गेले. मात्र शहर त्यांच्या मागोमाग निघाले. सिडको, इंदिरानगर वसले आणि बाहेरचा रस्ता पुन्हा भरवस्तीत आला.

३/ २०१३ मध्ये सुमारे ६ किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. आधी ट्रक शहराबाहेर काढले होते, आता शहराच्या वर चढवले. दोन्ही उपायांमागची लोकभावना एकच : अवजड वाहने आमच्या वाटेत नकोत.

४/ ही भावना अनाठायी नव्हती, अपुरी होती. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. तिथला कांदा, पिंपळगाव बसवंतची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला माल ट्रकनेच बाहेर पडतो. नाशिकला नकोसा झालेला ट्रक पुष्कळदा नाशिकनेच भरलेला असतो.

५/ एकत्र वावरण्याचा एक जुना रिवाज ट्रकच्या पाठीवर लिहिलेला असे : ‘हॉर्न ओके प्लीज’. डांबरी पट्टा अरुंद होता. मागच्याने हॉर्न द्यावा, ट्रकने कडेच्या मातीत उतरून वाट द्यावी. ती उद्धटपणाची खूण नव्हती. चालकाला मागचे दिसत नाही, याची ती कबुली होती.

६/ रस्ते रुंदावले आणि ती विनंती गोंगाटाचे आमंत्रण ठरली. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली. कर्णकर्कश हॉर्नचा त्रास खराच होता. पण शब्द पुसल्याने चालकाची नजर वाढली नाही.

७/ ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये अवजड वाहनाला धडकून पेटली. १२ प्रवासी गेले. १२ जानेवारी २०२५ रोजी उड्डाणपुलावर, द्वारकेपाशी, प्रवाशांनी भरलेला टेम्पो लोखंडी सळयांच्या ट्रकवर मागून आदळला. ट्रक वर चढवले होते, तिथेही माणसे होतीच.

८/ ‘ट्रक बाहेर काढा’ ही मागणी पुन्हा होईल. तिला उरलेला भाग जोडायला हवा : बाहेर आलेल्या सळयांना लाल दिवा, मागे चमकणाऱ्या पट्ट्या, थांबण्यासाठी ट्रक टर्मिनल आणि चालकाला झोप. कांदा इथून निघत राहील, तोवर रस्ता दोघांचा आहे.