हौस आणि ईर्षा

हौसेनें पत्करलेल्या विद्येंत वर चढण्याची ईर्षा कितपत असावी, हा प्रश्न आखाड्यांत उतरलेल्या प्रत्येक सुशिक्षितास केव्हां ना केव्हां पडतो. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांच्या चरित्रांत तो विशेष स्पष्टपणें दिसतो.

कानो हे पेशानें मल्ल नव्हेत. ते अध्यापक होते. शाळेंत अंगानें किरकोळ, म्हणून दांडग्या मुलांचा मार खाणारा हा मुलगा १८७७ सालीं जुजुत्सु शिकूं लागला. १८८१ त टोकियो विद्यापीठाची पदवी मिळाली, आणि पुढील वर्षीं एका देवळांत अवघ्या १२ चटयांच्या जागेवर त्यांनीं आपली तालीम, 'कोदोकान', उघडली.

तेथें 'रांदोरी'स, म्हणजे मोकळ्या लढतीस, मोठें स्थान होतें. घातक डाव तींतून वगळलेले. पडावें कसें हें आधीं शिकावयाचें. मग कोण कितीदां पडला याची मोजदाद कशाला? परंतु याच गृहस्थांनीं १८८३ पासून शिष्यांना 'दान' नांवाच्या पायऱ्या देण्यास आरंभ केला. (आपल्या दानधर्माशीं या शब्दाचा संबंध नाहीं.) आणि पायरी आली कीं वरची पायरी खुणावूं लागते! हा कानोंचा दोष म्हणावा काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. पायरीवांचून हौशी माणूस लौकरच आळसावतो.

मात्र उलट अनुभवही आमच्या गांठीं आहे. विद्यार्थिदशेंत आम्ही पहाटे नेमानें तालमीस जात असूं. जत्रेच्या फडांत एक कुस्ती मारली आणि बुद्धि फिरली: नेहमीची लढतही परीक्षेसारखी भासूं लागली, हरल्या दिवशीं जेवण गोड लागेना. वर्षाच्या आंत लंगोट खुंटीला लागला, तो कायमचाच.

कानो १९०९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले, तरी ज्यूदोचा ऑलिंपिकमध्यें समावेश व्हावा याविषयीं ते स्वतः उदासीनच होते. कैरोच्या बैठकीहून परततांना बोटीवर त्यांचें निधन झालें. १९६४ सालीं टोकियोंतच ज्यूदो ऑलिंपिकमध्यें आला. खुल्या गटांत हॉलंडच्या आंतोन गेसिंकनें जपानच्या कामिनागाला हरविलें, तेव्हां प्रेक्षागार सुन्न झालें. गेसिंकचे देशबांधव हर्षानें चटईकडे धांवले. त्यांना त्यानें हात वर करून तेथेंच थोपविलें.