ॲब्लेशननंतर ठोके सुधारले. मग ‘रक्त पातळ करायची’ गोळी बंद करता येते का?

ॲब्लेशन करून घरी आलेल्या रुग्णाला काही महिन्यांनी हमखास एक प्रश्न पडतो. छातीतली धडधड थांबली, ईसीजी नॉर्मल आला, मग ‘रक्त पातळ करायची’ गोळी अजून का घ्यायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न जास्त टोकदार होतो. (धाराशिव जिल्ह्यातलं कळंब वेगळं.) इथून यवतमाळ वीस-बावीस किलोमीटरवर आहे, पण ॲब्लेशन करणारे तज्ज्ञ बहुधा नागपूरला, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. फेरतपासणीसाठी अख्खा दिवस, गाडीभाडं आणि सोबतीला एक माणूस लागतो. अशा वेळी निर्णय घेतला जात नाही, तो आपोआप होऊन जातो: गोळ्यांचं पाकीट संपतं आणि नवं आणलं जात नाही. गोळी बंद करण्याचा यापेक्षा वाईट मार्ग नाही.

गोळी नेमकी कशासाठी असते?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटासारखी एक छोटी पिशवी असते. थरथरीमुळे तिथलं रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात १९९१ साली दिसलं, की हा आजार असलेल्यांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो.

गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. गुठळी तयार होण्याची प्रक्रिया ती मंदावते, एवढंच. धडधड कमी करणं हे तिचं काम नाही. म्हणून धडधड थांबली, हे ती बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही.

ॲब्लेशनमध्ये नसेतून नळी नेऊन, चुकीचे विद्युत संदेश जिथून सुटतात तो भाग उष्णतेने, थंडीने किंवा विजेच्या झटक्यांनी निकामी करतात. त्यामुळे ठोके सुधारतात, पण वर्षानुवर्षं ताणला गेलेला कप्पा लगेच पूर्ववत होतोच असं नाही. दुसरं म्हणजे आजार गुपचूप परत येऊ शकतो. आधी ज्याला धडधड जाणवायची, त्याला ॲब्लेशननंतर परतलेला आजार जाणवेलच याची खात्री नसते.

अफर्म नावाच्या मोठ्या चाचणीने २००२ मध्येच हे दाखवलं होतं. चार हजारांवर रुग्णांपैकी काहींचे ठोके औषधांनी नियमित ठेवले गेले, काहींचा फक्त वेग आटोक्यात ठेवला गेला. दोन्ही गटांत ज्यांना लकवा झाला, त्यांतल्या बहुतेकांनी रक्ताची गोळी सोडलेली होती किंवा तिचा असर कमी पडत होता.

आधी गोळीचं नाव बघा

बोलताना सगळ्यांनाच ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ॲस्पिरिन (इकोस्प्रिन) आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सवर काम करतात. त्या मुख्यतः हार्ट ॲटॅक आणि स्टेंटसाठी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये लागतात त्या वेगळ्या: वॉरफरिन, ॲसिट्रोम या नावाने मिळणारी ॲसेनोकुमारॉल, किंवा नव्या पिढीतल्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन.

‘मोठी गोळी सोडून साधी इकोस्प्रिन चालू ठेवू’ हा मधला मार्ग सुरक्षित वाटतो, पण तसा तो नाही. २०११ च्या ॲव्हेरोस चाचणीत वॉरफरिन चालत नसलेल्या रुग्णांना एपिक्सॅबॅन किंवा ॲस्पिरिन दिलं गेलं. ॲस्पिरिनच्या गटात लकवा आणि गुठळ्यांचं प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होतं, एपिक्सॅबॅनच्या गटात १.६ टक्के. मोठ्या रक्तस्रावाच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे ॲस्पिरिनने धोका जवळपास तेवढाच पत्करायचा आणि संरक्षण कमी मिळवायचं.

ज्यांच्यासाठी ही चर्चा नाहीच

परदेशी माहिती वाचताना आपल्याकडची एक गोष्ट सुटते. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशभरातल्या दीड हजारांहून अधिक एट्रियल फिब्रिलेशन रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्यांना संधिवाती हृदयरोग होता. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आणि पुढे हृदयाची झडप खराब होते, तो हा आजार. पाश्चात्त्य देशांत तो आता क्वचित दिसतो.

ज्यांची मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झाली आहे, किंवा ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांनी ठोके सुधारले तरी गोळी बंद करायची नसते. त्यांना नव्या गोळ्याही चालत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत भारतासह २४ देशांतले साडेचार हजारांवर संधिवाती हृदयरोगाचे रुग्ण होते. तिथे रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनच्या जातीची औषधं सरस ठरली आणि मृत्यूही कमी झाले. शेजाऱ्याची ‘नवी गोळी’ पाहून ॲसिट्रोम बदलून मागणाऱ्यांनी आधी आपला टू-डी इको रिपोर्ट काढावा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असलेल्यांनाही, खाली येणारा गुणांक काहीही असला तरी, गोळी चालू ठेवायला सांगतात.

बाकीच्यांचं काय?

पहिले दोन-तीन महिने कुणालाच सूट नाही. ॲब्लेशनच्या जखमा भरत असताना गुठळीचा धोका वाढलेला असतो. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना किमान दोन महिने सांगतात, अमेरिकेच्या २०२३ च्या सूचना किमान तीन. विजेचा शॉक देऊन ठोके पूर्ववत केले असतील, तर साधारणपणे किमान चार आठवडे.

त्यानंतरचा निर्णय ठोक्यांवरून नाही, तर लकव्याच्या धोक्यावरून घ्यायचा. त्यासाठी डॉक्टर एक साधी बेरीज करतात. हृदय कमजोर असेल तर १ गुण, ब्लड प्रेशर असेल तर १, मधुमेह १, हार्ट ॲटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर १. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा जास्त असेल तर २. पूर्वी लकवा किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत स्त्रियांना आणखी एक गुण मिळायचा. युरोपने २०२४ पासून तो काढला. बेरीज २ किंवा अधिक आली तर गोळी चालू, १ आली तर चर्चा, शून्य असेल तर सहसा बंद.

समजा, ५८ वर्षांचा कापूस उत्पादक शेतकरी आहे. बीपी नाही, शुगर नाही. बेरीज शून्य. ॲब्लेशननंतर तीन महिन्यांनी त्याची गोळी बंद होण्याची शक्यता चांगली आहे. ७० वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला बीपी आणि मधुमेह असेल, तर बेरीज ३. तिचा ईसीजी कितीही सुंदर आला तरी सध्याच्या सूचनांनुसार गोळी चालूच.

या बेरजेत वयाला वजन आहे, म्हणून वय खरं सांगावं. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली, अशी एक मोठी पिढी आपल्याकडे आहे. आधार कार्डावर ६३ आणि प्रत्यक्षात ६६ असाल, तर डॉक्टरांचा हिशेब एका गुणाने चुकतो.

२०२५ मध्ये काय बदललं?

ॲब्लेशन यशस्वी झाल्यावर गोळी थांबवून पाहिली तर काय होतं, याचा थेट पुरावा बरीच वर्षं नव्हता. २०२५ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले.

दक्षिण कोरियातल्या अलोन-एएफ चाचणीत ८४० रुग्ण होते. ॲब्लेशनला किमान एक वर्ष झालेलं आणि तपासण्यांत आजार परतलेला नाही, असेच रुग्ण घेतले. निम्म्यांनी गोळी चालू ठेवली, निम्म्यांनी थांबवली. दोन वर्षांत लकवा, गुठळी किंवा मोठा रक्तस्राव यांपैकी काहीतरी झालेले थांबवणाऱ्यांत १ आणि चालू ठेवणाऱ्यांत ८ निघाले. फरक मुख्यतः रक्तस्रावाचा होता.

ओशन चाचणीत असेच १२८४ रुग्ण होते. अर्ध्यांना रिव्हारोक्सॅबॅन, अर्ध्यांना ॲस्पिरिन. तीन वर्षांत लकवा किंवा गुठळी झालेले रिव्हारोक्सॅबॅनच्या गटात ०.८ टक्के, ॲस्पिरिनच्या गटात १.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मोठा रक्तस्राव मात्र १.६ टक्के विरुद्ध ०.६ टक्के असा होता.

या बातम्या ‘ॲब्लेशननंतर गोळीची गरज नाही’ अशा मथळ्यांनी फिरू शकतात. तसं वाचणं चूक ठरेल. दोन्ही चाचण्यांतल्या रुग्णांचा सरासरी गुणांक २ च्या जरा वर होता. पूर्वी लकवा होऊन गेलेले त्यांत थोडेच होते. शिवाय आजार परतलेला नाही हे छातीला यंत्र लावून, म्हणजे होल्टरने, तपासलेलं होतं; रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवलेलं नव्हतं. ज्याचा गुणांक १ किंवा २ आहे, वर्ष उलटलं आहे आणि होल्टर स्वच्छ आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांशी बोलण्याचं दार उघडलं आहे. गुणांक ४ असलेल्यासाठी किंवा एकदा लकवा येऊन गेलेल्यासाठी ते अजून उघडलेलं नाही.

गोळी चालत नाही आणि सोडताही येत नाही, अशांसाठी त्या छोट्या पिशवीचं तोंड बंद करणारं उपकरण बसवता येतं. २०२४ च्या ऑप्शन चाचणीत १६०० ॲब्लेशन रुग्णांत त्याने रक्तस्राव कमी केला आणि लकव्यापासूनचं संरक्षण गोळीइतकंच राहिलं. उपकरण महाग आहे आणि मोठ्या शहरातच बसतं.

चालू ठेवायची असेल तर

नव्या गोळ्यांचा असर एक-दोन दिवसांत उतरतो. ‘चार दिवस राहिली तर काय होतं’ असं इथे चालत नाही. रिव्हारोक्सॅबॅनचं पेटंट भारतात २०२० च्या अखेरीस संपलं, एपिक्सॅबॅनचं २०२२ मध्ये. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. परवडत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारावा.

कळंब चिंतामणीचं गाव. जमिनीखाली पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं, आणि घरोघरी संकष्टीचा उपवास. रिव्हारोक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी २० मिलिग्रॅमच्या गोळीतला सुमारे एक तृतीयांश भाग वाया जातो. ती रोज रात्रीच्या जेवणासोबत घेण्याची सवय ठेवली, तर संकष्टीला चंद्रोदयानंतरच्या जेवणातही बसते. निर्जळ उपवास करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. एपिक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रानला जेवणाची अट नाही.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमवर असलेल्यांना पालेभाज्या सोडायला सांगितल्या जातात, ते अर्धवट खरं आहे. मेथी, पालक, चवळी खायला हरकत नाही. दर आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवावं. हिवाळ्यात रोज भाजी आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असं झालं की आयएनआर बिघडतो.

सर्वांत मोठी काळजी अंगदुखीच्या गोळीची. शेतकाम झालं की कंबर धरते आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक येते. रक्ताच्या गोळीसोबत ती पोटात रक्तस्राव करू शकते. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी. दवाखान्यात दंडावर किंवा कमरेवर सुई टोचण्याआधी आपण कोणती गोळी घेतो हे सांगायला हवं, नाहीतर स्नायूत रक्त साकळतं. वर्षातून किमान एकदा किडनीची आणि हिमोग्लोबिनची तपासणी लागते. डांबरासारखी काळी शौच झाली, किंवा डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि गेल्या ४८ तासांत नवी गोळी घेतली असेल तर सहसा देत नाहीत. म्हणून गोळीचं पाकीट आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ, दोन्ही सोबत न्यायचं.

बंद करायचं ठरलं तर

तारीख लिहून ठेवावी आणि पुढचा होल्टर कधी, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं. दर भेटीला ईसीजी आणि नाडी तपासली जावी. नाडी अनियमित लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. गुणांक कायमचा नसतो. आज शून्य असलेल्या माणसाला दोन वर्षांनी मधुमेह निघाला, किंवा तो पासष्टीचा झाला, की बेरीज पुन्हा करावी लागते. कळंबहून दर वेळी नागपूर गाठण्याची गरज नाही. ईसीजी आणि किडनीची तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते आणि रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर पाठवता येतो. त्यासाठी ॲब्लेशनच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घरात हाताशी असावी.