कुलाब्याची सुई

मी भिवंडीत विज्ञान शिकवतो. यंत्रमागांच्या गल्लीत होकायंत्र नेलं की लोखंडाच्या ओढीनं सुई उत्तर सोडते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची हकिगत मी मुलांना तिथंच सांगतो, कारण लोखंडापासून आणि विजेपासून सुई कशी जपली, त्याचीच ती हकिगत आहे.

कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. माणसानं डोळ्यांनी वाचायचं, वहीत लिहायचं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यडागांवर लख्ख झळाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. तिकडच्या ग्रीनिच आणि क्यू वेधशाळांच्या नोंदी पट्टीबाहेर गेल्या; कुलाब्याचे आकडे उरले. २००३ साली त्सुरुतानी, लखिना, अलेक्स आदींनी त्यांवरूनच त्या चुंबकीय वादळाचा जोर ठरवला. वादळाच्या ऐन भरात आकडे टिपत राहिलेल्या त्या वाचकांविषयी मला फार आदर वाटतो.

असं वादळ उठतं सूर्याच्या चुंबकत्वातून, आणि खगोलशास्त्रज्ञ सूर्याला थंड ताऱ्यांतच धरतात. अशा ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात तप्त वायू सतत वरखाली घुसळतो, त्यातून चुंबकत्व उपजतं. तिथं सुई पोचणार नाही, म्हणून ते प्रकाशातून मोजायचं. चुंबकक्षेत्रात वर्णरेषा दुभंगतात, हे झीमाननं १८९६ मध्ये दाखवलं आणि १९०८ साली हेलला सूर्यडागांत तेच दिसलं. दूरचा तारा मात्र नुसता ठिपका. त्याच्यावरची उलटसुलट क्षेत्रं एकमेकांना खोडतात, रेषा जराशी रुंदावते इतकंच. अवरक्त प्रकाशात ही रुंदी अधिक ठळक होते, म्हणून लालसर, मंद ताऱ्यांचं मोजमाप तिथं साधतं. दुसरी वाट चिकाटीची: १९६६ पासून ऑलिन विल्सननं माउंट विल्सनवर थंड ताऱ्यांच्या, चुंबकत्वाचा माग देणाऱ्या कॅल्शियम-रेषा वर्षानुवर्षं मोजल्या, तेव्हा सूर्यासारखी आवर्तनं त्यांच्यातही सापडली.

कुलाब्याच्या अशाच चिकाटीच्या कामावर मुंबईत विजेच्या ट्रामचं संकट आलं. तारांतल्या प्रवाहानं सुया बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा उभी केली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षानं टाळलं. पण जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे वाचन चालू ठेवलं, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता यावेत. ट्राम धावली १९०७ मध्ये. १८४६ ते १९०५ च्या नोंदी मूस यांनी १९१० साली ग्रंथरूपात छापल्या, आणि अलिबागचं वाचन आजही चालू आहे.