मेकन काउंटी (अलाबामा)

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याच्या पूर्व भागातील ग्रामीण काउंटी. लोकसंख्या १९,५३२ (२०२०). मुख्य ठाणे टस्कीगी. क्रीक आदिवासींकडून १८३२ च्या तहाने घेतलेल्या जमिनीवर त्याच वर्षी स्थापना. मळेवाल्यांचा कापूस गुलामांच्या श्रमावर पिके. गुलामगिरी संपल्यावरही कृष्णवर्णीय बहुसंख्य राहिले, आजही आहेत.

येथील थोरांमध्ये पहिले नाव सहसा बुकर टी. वॉशिंग्टन यांचे घेतात. खरा पहिला मान लुईस ॲडम्स यांचा आहे. गुलामीत जन्मलेले ॲडम्स टस्कीगीत पत्र्याची व चामड्याची कामे करत. १८८० च्या निवडणुकीत विधिमंडळाच्या एका गोऱ्या उमेदवाराने त्यांच्याकडे कृष्णवर्णीयांची मते मागितली. ॲडम्स यांनी मोबदल्यात शाळा मागितली. शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले. जागेसाठी, इमारतीसाठी मात्र काहीच नाही. व्हर्जिनियाहून आलेल्या वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १८८१ रोजी शाळा सुरू केली, पुढे एक ओसाड मळा विकत घेतला. विद्यार्थी विटा पाडू लागले. तीन भट्ट्या फसल्या, तेव्हा वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून चौथी लावली. हीच आजची टस्कीगी युनिव्हर्सिटी.

१८९६ मध्ये येथे आलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकांना वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) मुळे घरच्यासारखे आहेत. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, चवळी घेण्याचा त्यांचा आग्रह होता. वर्गात येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९०६ पासून अवजारे व बियाणे घेतलेली घोडागाडी खेडोपाडी फिरू लागली. लेखिका झोरा नील हर्स्टन (नोटासल्गा, १८९१) आणि नागरी हक्क चळवळीतील रोझा पार्क्स (टस्कीगी, १९१३) यांचा जन्म येथला. दोघींचे कार्यक्षेत्र मात्र अन्यत्र. दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांचे प्रशिक्षणही टस्कीगीतच झाले.

ज्या मतांच्या बळावर शाळा मिळाली, ती अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने जवळजवळ सर्वच कृष्णवर्णीयांकडून काढून घेतली. ती परत मिळवण्याच्या लढ्याचे नेतृत्व याच संस्थेतील समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी केले. नोंदणीचे अडथळे पार करून काहीशे कृष्णवर्णीय मतदार झाले, तेव्हा १९५७ मध्ये विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द २८ बाजूंची करून त्यांतील चार-पाच वगळता सर्वांना शहराबाहेर टाकले. गोमिलियन यांनी दाद मागितली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९६६ मध्ये ल्युशियस ॲमरसन शेरीफ म्हणून निवडून आले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ होत.

या काउंटीच्या इतिहासातील सर्वांत क्रूर प्रकरण मात्र सरकारी आरोग्यसेवेचे आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा 'अभ्यास' चालला. बहुतेक गरीब शेतमजूर व खंडकरी. सुमारे ४०० जणांना तो रोग होता. त्यांना तो सांगितला नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिले नाही. थोरांच्या नोंदीत या माणसांना जागा हवीच. वाचलेल्यांच्या व मृतांच्या वारसांच्या वतीने दावा लढवला फ्रेड ग्रे यांनी. रोझा पार्क्स यांचे आणि गोमिलियन खटल्याचेही वकील तेच. १९७० मध्ये ते येथूनच विधिमंडळावर निवडून आले होते. १९७४ च्या तडजोडीत सुमारे एक कोटी डॉलर भरपाई मिळाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १६ मे १९९७ रोजी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली.