वऱ्हाडचे डोह, तलाव आणि त्यांतील मासळीचे स्थित्यंतर

आपल्या भोई-ढीवर समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे पालखी, डोली आणि नाव ह्या तीन वस्तूंचा उल्लेख सहसा प्रथम येतो. तो योग्यही आहे. तथापि ज्या मासळीवर आपल्या वाडवडिलांची चूल पेटली, त्या मासळीलाही इतिहास असतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येते. नदी तीच, गाव तेच, जाळे टाकणारा हातही त्याच घराण्यातला. परंतु आजोबांच्या जाळ्यात जे येत असे ते नातवाच्या जाळ्यात येत नाही. हा पालट आपोआप झाला नाही. तो माणसांनी घडवून आणला, आणि त्याचे टप्पे वर्षांनिशी सांगता येतात.

प्रथम आपल्या प्रांताची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. वऱ्हाडचे पाणी दोन दिशांना वाहते. पूर्णा, तिला मिळणाऱ्या मोर्णा, काटेपूर्णा, शहानूर, वाण ह्या नद्या आणि मेळघाटातील सिपना, गडगा, खापरा ह्या सर्वांचे पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. वर्धा आणि पैनगंगा मात्र गोदावरीच्या लेकी. त्यांचे पाणी पूर्व समुद्रास मिळते. दर्यापूरच्या बाजारातली मासळी आणि मोर्शीच्या बाजारातली मासळी एकाच जिल्ह्यातली असली, तरी ती दोन वेगळ्या खोऱ्यांतली होती.

दुसरी गोष्ट अशी की, भंडारा-चांद्याकडे जशी जुन्या तलावांची माळ आहे तशी वऱ्हाडात नव्हती. येथील शेती काळ्या जमिनीची व पावसावर अवलंबून. पूर्णाकाठचा खारपाण पट्टा तर विहिरीच्या गोड्या पाण्यासही पारखा. तेव्हा आपल्या समाजाचा मुख्य आधार तलाव नव्हे, तर नदीतले डोह होते. उन्हाळ्यात धार तुटली म्हणजे सारी मासळी डोहात एकवटे, आणि मृगाच्या पाण्याबरोबर ती प्रवाहाविरुद्ध वर सरके. ह्या ‘चढणीच्या’ माशांवर वर्षाचे गणित बसविलेले असे. कोणत्या डोहात केव्हा जाळे घालावे आणि केव्हा घालू नये, हे लिहून ठेवलेले नव्हते. ते घराण्यांतून चालत असे. मरळ, वाम, शिंगाळा, पढीन, मागूर, कानस, तांबीर, ही त्या काळची नावे. जेथे लहानमोठी तळी होती तेथे शिंगाड्याची लागवड असे. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ढीमरांच्या ह्या शिंगाड्याच्या शेतीची नोंद आहे.

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले गेले. साहेब लोकांना मासळीचे प्रेम होते, पण ते निराळ्या तऱ्हेचे. त्यांना गळाला लागून झुंजणारा मासा हवा होता. खाण्याचा प्रश्न दुय्यम. हिंदुस्थानात असा मासा म्हणजे महासीर. एच. एस. थॉमस नामक अधिकाऱ्याने १८७३ साली गळाच्या शिकारीवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, त्यात ह्या माशाचे स्थान फार मोठे आहे. त्याच्याही आधी, १८३९ साली, कर्नल साइक्स ह्याने पुण्याकडील नद्यांतल्या महासीरास शास्त्रीय नाव दिले. त्या नावातला ‘खुद्री’ हा शब्द त्याने तेथल्या लोकांच्या तोंडून उचलला. नाव पुरविणारा मच्छीमार कोण, हे मात्र कोठेच लिहिलेले नाही! तापीच्या खोऱ्यात ह्याच माशाची दुसरी जात होती. नर्मदाकाठी तिला बाडस म्हणतात. मेळघाटच्या नद्या तापीच्याच असल्याने खडकाळ तळाचे, थंड व वाहते पाणी मागणाऱ्या ह्या माशास ते क्षेत्र सोयीचे होते.

साहेबांनी नीलगिरी व काश्मीर येथे विलायती ट्राउट आणून सोडला. अमेरिकेत ‘बास’ नामक शिकारी मासा आगगाडीने एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेला गेला. तोच बास पुढे ग्वाटेमाला देशातील आतित्लान सरोवरात सोडला गेला. तेथील लहान मासे व खेकडे त्याने संपविले आणि त्या सरोवराखेरीज जगात कोठेही नसलेला एक पाणपक्षी काही दशकांत नामशेष झाला. वऱ्हाडच्या उन्हाने निदान ट्राउटपासून आपले रक्षण केले, असे म्हणावयास हरकत नाही. सरकारने १८९७ साली मत्स्यविषयक कायदा करून सुरुंगाची दारू व विष ह्यांनी मासे मारण्यास बंदी घातली. असा कायदा करण्याची गरज पडली, ह्यावरून नद्यांची नासधूस तेव्हाच सुरू झाली होती हे उघड आहे.

खरा पालट मात्र बियाण्याने झाला. आज तलावाची मासळी म्हटली की कटला, रोहू आणि मृगळ हीच नावे आपली मुलेबाळे घेतात. ही जणू आपल्या पूर्वजांचीच मासळी! वस्तुतः रोहू व मृगळ हे गंगेकडचे मासे होत. तापीच्या खोऱ्यात ते मुळात नव्हते. गंगेच्या पुरात वाहणारे बारीक जिरे बंगालचे मच्छीमार बारीक जाळ्यांनी गोळा करीत. ते हावड्याच्या बाजारात विकले जाई आणि तेथून मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत जाई. पाण्यातला प्राणवायू संपू नये म्हणून सोबतचा माणूस वाटभर ते पाणी हाताने हलवीत बसे. पुढे प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि तो ताप वाचला. नदीतून गोळा केलेल्या ह्या जिऱ्यात नको असलेल्या जातीही मिसळलेल्या असत, आणि त्या निवडण्याचे साधन घेणाऱ्याजवळ नव्हते.

ही अडचण १० जुलै १९५७ रोजी ओरिसात सुटली. डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही ह्यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालवून दाखविली. त्या दिवसापासून मत्स्यबीज नदीच्या मर्जीवर राहिले नाही. ह्या शोधाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. देशातील लाखो कुटुंबे त्यावर जगतात आणि त्यांत आपलीही आहेत.

ह्याच सुमारास परदेशी जातीही आल्या. सायप्रिनस म्हणून आपण ओळखतो तो कॉमन कार्प १९३९ साली सिंहलद्वीपातून नीलगिरीत व १९५७ साली बँकॉकहून कटकला आला. चंदेरा व गवत्या हे चिनी मासे १९५९ साली आले. तिलापिया १९५२ साली आला, आणि त्याची बेसुमार वीण पाहून १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. बंदी कागदावर राहिली. तिलापिया पाण्यात राहिला.

नंतर धरणांचे युग आले. मोर्णेवर व काटेपूर्णेवर बंधारे झाले. महान येथील काटेपूर्णेच्या जलाशयाने अकोला शहराची तहान भागविली आणि १९८८ साली त्याच्या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर उर्ध्व वर्धा धरण १९९३ साली पूर्ण झाले. ज्या प्रांतात तलाव नव्हते तेथे आता क्षितिजापर्यंत पाणी दिसू लागले. नव्या जलाशयाची पहिली काही वर्षे सुगीची असतात, कारण बुडालेला पालापाचोळा व माती पाण्यात मिसळून माशांना भरपूर खाद्य मिळते. तो साठा सरला की उत्पन्न उतरते. शिवाय धरणाची भिंत चढणीचा मार्ग बंद करते. वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या जाती अडतात, स्थिर पाण्यात जमवून घेणाऱ्या माजतात. अशा जलाशयात दरवर्षी विकतची बोटुकली सोडल्यावाचून पीक येत नाही. म्हणजे पूर्वी नदी आपणांस फुकट पेरून देत होती. आता पेरणीचा खर्च आपल्या माथी आला. त्यावर तलावाचा ठेका. सहकारी संस्था ह्या आपल्याच लोकांच्या; तथापि ठेक्याची रक्कम व बियाण्याचे पैसे उभे करण्यासाठी कित्येक संस्था व्यापाऱ्याच्या उचलीखाली जातात आणि मासळीचा भाव जाळे ओढण्यापूर्वीच ठरून जातो, हे लपविण्यात अर्थ नाही.

मत्स्यशास्त्राच्या नव्या पोथीने आपल्या जुन्या मासळीस एक वाईट नाव दिले. बीज वाढविण्याच्या तळ्यात मरळ, मागूर, वाम नकोत, कारण ते पिल्ले खातात; बारीकसारीक मासळी नको, कारण ती खाद्यात वाटेकरी होते. म्हणून मोहाची पेंड टाकून तळे आधी ‘स्वच्छ’ करावयाचे. बीजतळ्यापुरते हे शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या मासळीस ‘निरुपयोगी’ म्हटले गेले, तीच गरिबाच्या ताटात पडत होती. आणि मौज अशी की, बाजारात आज मरळीला कटल्याहून जास्त भाव मिळतो. चिखलात तग धरणारी, हवेतून श्वास घेणारी, आपल्या पिल्लांच्या थव्यावर नर-मादी मिळून पहारा करणारी ही मरळ हंडीतून आणावी लागली नव्हती.

हेतू चांगला असला तरी बियाणे कोठे सोडावे हा प्रश्न उरतोच. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महासीराचे बीज तयार करण्याचे मोठे काम केले, आणि नष्टप्राय होऊ घातलेली सह्याद्रीची जात त्यामुळे टिकली. पण तेच बीज कावेरीत सोडले गेले, तेथे ते फोफावले आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मागे हटत हटत नाहीसा होण्याच्या काठावर आला. २०१८ साली जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आफ्रिकन मागुराची कथा तर सरळ नफ्याची. केंद्र सरकारने २००० साली त्यावर बंदी घातली, तरी ‘थाई मागूर’ ह्या नावाने तो विकला जातच राहिला आणि आपला देशी मागूर त्याच्या नावाखाली बदनाम झाला.

शेजारच्या मध्यप्रदेशाने २०११ साली महासीरास राज्यमासा केले. महाराष्ट्राने २०२३ साली तो मान समुद्रातल्या पापलेटास दिला. कोकणबांधवांचा आनंद आम्हास मान्य आहे. पण मेळघाटालगत वाहणाऱ्या तापीचा मासा तिच्या उगमाकडील राज्यात राजचिन्ह आणि आपल्याकडे विस्मृतीत, हे खटकल्यावाचून राहत नाही. रायगडातील वाळणकोंड व वैतरणेकाठचे तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महासीर आजही राखला जातो.

भंडारा-गोंदियाकडे आपल्या ढीवर भगिनींनी व बांधवांनी तलावांतली बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून, जुन्या जातींना पुन्हा थारा देण्याचे काम चालविले आहे. तेथे तलाव जुने आहेत. वऱ्हाडात जलाशय नवे व डोह गाळाने भरलेले, वाळू उपसल्याने उघडे पडलेले. तेव्हा तीच रीत येथे जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. प्रथम आपल्या कोणत्या पाण्यात काय होते, हे तरी लिहिलेले हवे. ते ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसे आता घरोघरी एखाददुसरीच उरली आहेत. सभासद कुटुंबांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारून माशाचे आपल्या गावातले नाव, तो ज्या डोहात अथवा नाल्यात मिळे त्याचे नाव, कोणत्या नक्षत्रात मिळे, आणि शेवटचा कोणत्या साली पाहिला, एवढ्या चार गोष्टी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून पुढील अंकासाठी द्याव्यात. एकाच माशाची दोन गावांत दोन नावे आली तरी दोन्ही लिहावीत.