शिळफाट्याचे सायकलवाले

दिव्याचं नाव आता मुंबईभर माहीत आहे ते लोकलच्या गर्दीमुळे. पण आमच्या गावाला गाडीशिवाय आणखी एक मोठी वाट जवळ होती, ती फार कुणाला ठाऊक नाही. दातिवलीच्या अंगानं शेताच्या बांधाबांधानं तासभर चाललं की शिळफाटा लागायचा. 1973 साली वाशीच्या खाडीवर पूल झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला चाकावर जाणारा माणूस ठाण्याचा वळसा घालूनच जायचा. कळवा, मुंब्रा, कौसा, शिळफाटा, तळोजा आणि मग पनवेल. ट्रक असो, मोटार असो की सायकल, आमच्या फाट्यावरून गेल्याशिवाय सुटका नव्हती. मोटारवाले धुरळा उडवून निघून जायचे. थांबायचे ते सायकलवाले. म्हणून या रस्त्याचा इतिहास मला सायकलवाल्यांच्या बाजूनं सांगावासा वाटतो, कारण त्यांच्या तोंडून निघालेलं बोलणं मी ऐकलेलं आहे.

आमच्या थोरल्या काकांची फाट्यावर टपरी होती. चार बांबू, वर पत्रा, एक घमेलं पाणी, एक पंप, दोन-तीन पाने आणि बाजूला चहाची चूल. भातशेतीत वर्षाचं भागत नव्हतं. खारजमीन, बांध फुटला की भरतीचं पाणी आत. म्हणून काकांनी हा जोडधंदा धरला. मी तिसरी-चौथीत असेन, मे महिन्याच्या सुट्टीत मला तिथं पंप मारायला बसवायचे. हवेचे पाच पैसे.

सायकलवाले तऱ्हेतऱ्हेचे यायचे. दादर-गिरगावकडची कॉलेजची पोरं, सुट्टीत कार्ल्याच्या लेण्यांना, लोणावळ्याला निघालेली. गिरणीतले कामगार, एसटीचे पैसे वाचवून घाटावरच्या गावाला जाणारे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे गडी, ते कुणाशी बोलायचे नाहीत, डोकं खाली घालून सूं करून जायचे. आणि सगळ्यात मजेचे ते ‘भारत भ्रमण’वाले. सायकलीच्या मधल्या त्रिकोणात पत्र्याची पाटी, तिच्यावर रंगानं गावाचं नाव आणि कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं. कॅरिअरवर वळकटी, हँडलला पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. त्यांच्याजवळ एक जाड वही असायची. जिथं थांबतील तिथं स्टेशनमास्तर, फौजदार, सरपंच, शाळेचे गुरुजी यांची सही-शिक्का घ्यायचा, म्हणजे आपण खरोखर इथून गेलो याचा पुरावा. एकदा अशा एकानं काकांपुढेच वही धरली. काका निरक्षर. शाईसुद्धा नव्हती. काकांनी चेनचं ग्रीस अंगठ्याला लावलं आणि वहीत ठसा उमटवला. त्या माणसानं खाली ‘शिळफाटा’ असं लिहून घेतलं. फौजदाराच्या शिक्क्याशेजारी आमच्या काकांचा अंगठा कुठल्या कुठं गेला असेल.

आता या लोकांचं बोलणं काय असायचं? बाहेरच्याला वाटेल की प्रवासी म्हणजे निसर्गाबद्दल बोलत असतील. नाही. एक सायकलवाला पुण्याकडून आलेला आणि दुसरा मुंबईकडून, दोघं टपरीवर भेटले की पहिला सवाल: ‘पुढं पाणी कुठं आहे?’ दुसरा: ‘रात्री टेकायला जागा?’ तिसरा घाटाचा. पनवेलच्या पुढं कुठल्या विहिरीला पोहरा आहे, कुठल्या देवळाचा पुजारी पडवीत झोपू देतो, कुठल्या गावात रात्री कुत्री मागं लागतात, खडी कुठं पसरलेली आहे, हे सगळं असं तोंडातोंडी पुढं जायचं. मुंबईकडे जाणारा जे सांगून जाई, ते काका संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्याला सांगत. टपरी म्हणजे बातम्यांचं पोस्टच झालं होतं. आणि तिकीट नाही.

काकांचा स्वतःचा सल्लाही असायचा, मागितला नाही तरी. आमच्या आगरी बोलीत म्हणायचे, ‘बाला, घाटान बसून नको जाव, उतर नं चाल.’ आमच्यात गाडीला गारी म्हणतात आणि घोड्याला घोरा, त्यामुळे गिरगावच्या पोरांना हसू यायचं. पण सांगणं खरं होतं. खोपोली जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि लोणावळा दोन हजार फुटांवर. चढ थोडक्या अंतरात. त्या वेळच्या सायकली लोखंडी, वजन वीस किलोच्या आसपास, गिअर नाही. वर वळकटी. बसून दामटायला गेलं की चेन ताणते, पायडलचा कॉटर ढिला होतो आणि गडी अर्ध्या वाटेत आडवा. काका सांगत, खोपोलीत पोटभर जेवू नका. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा, थोडं थोडं चघळा. तांदळाची भाकरी बरी, पण तिच्याबरोबर सुका बोंबील खाऊ नका, घाटात तहानेनं जीव जाईल. हा सल्ला ऐकणारा बहुतेक शाकाहारी असायचा, तरी काका न चुकता द्यायचे.

उतरताना तर जास्त धोका. तेव्हा रॉडचे ब्रेक. पुण्याकडून येणारा घाट उतरताना ब्रेक आवळून धरतो, रबर घासून संपतं, रिम तापते, आणि कधी कधी ट्यूबला लावलेला जुना पॅच उष्णतेनं सुटतो. म्हणून दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं, मागचा आधी, पुढचा नंतर. पुढचाच ब्रेक एकदम धरला की माणूस हँडलवरून पुढं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून रिमला हात लावून बघायचा, पोळत असेल तर विडी होईपर्यंत बसायचं. हा शिंग्रोबा म्हणजे, लोक सांगतात, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर. 1830 मध्ये घाटातून गाडीरस्ता सुरू झाला, तो बांधणाऱ्या साहेबांची नावं कागदावर आहेत. धनगराचं नाव देवळानं राखलं. अजूनही ड्रायव्हर तिथं नाणं टाकतात.

पंक्चर काढणं तर आमच्याकडे शाळेसारखं चालायचं. काकांची एक अट होती. दूर जाणारा असेल तर त्यानं स्वतः शेजारी बसून बघायचं. ‘पुढं मी नसणार,’ म्हणायचे. ट्यूब काढायची, हवा भरून घमेल्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की जागेवर खूण. काचपेपरनं घासायची, घाई न करता. सोल्युशन लावून लगेच पॅच चिकटवायचा नाही, बोटाला चिकट लागेल इतकं सुकू द्यायचं. नवखा माणूस इथंच गडबडतो. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण ज्या काट्यानं पंक्चर केलं तो आतच बसलेला असतो. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही. टायरच फाटला असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून बसवायचा, त्याला गेटर म्हणायचे. गेटरवर माणसं शंभर-शंभर मैल गेलेली आहेत. चाक डुगडुगत असेल तर स्पोक आवळून आउट काढायचा, पण रस्त्यात सगळे स्पोक छेडू नयेत, एकाला पाव फेरा, समोरच्याला पाव फेरा, बस्स.

आमच्या खाडीकाठाची आणखी एक गोष्ट. इथली हवा खारी. मिठागरं आणि तिवरं यांच्यातून रात्रभर वारा येतो. पुण्याची कोरडी सायकल इथं दोन रात्री राहिली की चेनवर तांबडं फूल यायचं. म्हणून रॉकेलनं चेन धुऊन वर मशीनचं तेल, आणि तेही पुसून घ्यायचं, नाहीतर धूळ बसते. खोबरेल लावणाऱ्याला काका वेड्यात काढायचे.

पुढं मी दहावीपर्यंत शिकलो. वाचायची आवड लागली, तेव्हा कळलं की मुंबईहून सायकलीनं जग फिरून आलेली माणसं आमच्या काकांच्या टपरीच्या कितीतरी आधीची आहेत. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कापडिया. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मग वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश करत 18 मार्च 1928 ला परत आले ते तिघेच, पहिले तिघे. एक तेहरानहून घरी फिरला, एक अमेरिकेतच राहिला, आणि त्याच्या राहण्यानं खट्टू झालेला आणखी एक तिथून परतला. सुमारे 71 हजार किलोमीटर झाले. 1931 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याला पंडित नेहरूंनी प्रस्तावना दिली. त्यांच्या मागोमाग 1924 मध्ये फ्रामरोज दावर निघाले, 1933 मध्ये आणखी तिघे. आमच्या फाट्यानं ते गेले असं मी म्हणणार नाही. ते उत्तरेला निघालेले, फाटा घाटाच्या वाटेवर.

लोक त्या सहांच्या धाडसाबद्दल बोलतात, आणि ते आहेच. माझं मन मात्र भलतीकडे जातं. साडेचार वर्षांत पंक्चरं किती निघाली असतील? कुठल्या खेड्यात कुणी पाण्याचं भांडं पुढं केलं, कुणी बोट दाखवून सांगितलं की त्या बाजूला जाऊ नका? भाषा येत नसताना हे झालं असणार. शिंग्रोबासारखं देऊळ त्यातल्या प्रत्येकाला मिळत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट. हौसेनं सायकल चालवणारा आणि गरजेनं चालवणारा, इतिहासात पहिल्याचंच नाव राहतं. आमच्या दिव्यात तेव्हा पन्नास-साठ घरांमागे चार-पाच सायकली. कुणाची हर्क्युलिस, कुणाची वरळीच्या कारखान्यातली हिंद. दिव्याला धड रस्ता नव्हता. सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडायचे, बांधावरून ढकलत फाट्यापर्यंत न्यायचे, मग बसायचे. मागं भाजीचे हारे, गवताचा भारा, भाताचं पोतं. नगरपालिका सायकलीला वर्षाचा कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट असले की शिपाई चाकाची हवा सोडायचा. दिव्याचा माणूस विनादिव्याचा धरला, हा विनोद तेव्हा आमच्याकडे फार चालायचा. हे लोक रोज दहा-बारा मैल जायचे आणि वर्षानुवर्षं जायचे. त्यांच्या फेऱ्या जोडल्या तर जगाला वळसे पडतील. त्यांच्या वहीत कुणी सही केली नाही.

वाशीचा पूल झाल्यावर मोटारी तिकडून जाऊ लागल्या, पण आमच्याकडचे ट्रक काही कमी झाले नाहीत. काकांनी सायकलचा पंप ठेवून ट्रकच्या टायरचं काम धरलं. 1982 मध्ये ठाणे महानगरपालिका झाली, शेतं गेली, चाळी आल्या. 2002 पर्यंत पुण्याला द्रुतगती मार्ग पुरा झाला, त्याच्यावर सायकलीला बंदी. 2020 च्या 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली. आमच्या अंगणात ॲटलसच उभी असते, अजून चालते. मी तिच्यावरून शेतावर जातो. शेत म्हणजे आता गुंठ्यात मोजावं एवढं.

रविवारी पहाटे कल्याण-शीळ रस्त्यानं हेल्मेटवाली मंडळी येतात. हलक्या सायकली, डिस्क ब्रेक, वीस-वीस गिअर. त्यांच्यात डॉक्टर असतात, आयटीवाले असतात, बायकापण असतात, हे मला आवडतं. बोलणं मात्र तेच. पाणी कुठं मिळेल, पुढं खड्डे कसे आहेत, किती वाजता निघालात. फरक एवढाच की पंक्चर झालं तर ते नवी ट्यूब टाकतात आणि जुनी बॅगेत घालतात. पॅच लावणारा शंभरात पाच. मी एकाला विचारलं, दोन ट्यूबा गेल्या तर? तो म्हणाला, ‘काका, मग घरी फोन करायचा.’

त्यांना मी हसत नाही. कारण तेही त्याच रस्त्यावर जीव मुठीत धरून असतात. रस्ता रुंद करायचं काम, मेट्रोचे खांब, कंटेनरची रांग. एवढ्या रुंदीत सायकलीसाठी दोन हात जागा कुणी आखलेली नाही. मागच्या काही वर्षांत आमच्या पंचक्रोशीतला एक दूधवाला पहाटेच्या अंधारात गाडीखाली गेला. कॅन रस्त्याच्या कडेला उभा होता, झाकण न उघडता. हौशी सायकलवाला गेला की पेपरात फोटो येतो. याच्या बाबतीत दोन ओळीही आल्या नाहीत, म्हणून इथं लिहितो.

या वाटेनं घाटाकडे जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. फाटा सकाळी साडेपाचच्या आत ओलांडा, नंतर कंटेनर सुटतात. मुंब्र्याच्या उतारावर डाव्या कडेला रेती असते, तिच्यावर ब्रेक दाबू नका. मागं लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात चाक घालू नका, खाली चेंबर उघडं असतं. ट्यूब दोन घ्या, पण पॅचची डबीही घ्या, तिला वजन नाही. चहाच्या टपरीवर थांबलात तर पुढून आलेल्याला रस्ता विचारा, मोबाईलला नंतर विचारा, कारण काल पडलेली खडी मोबाईलला दिसत नाही. आणि घाट उतरताना शिंग्रोबापाशी थांबा. नाणं टाकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, ब्रेक मात्र तिथं हात लावून तपासा.